मावळ्यांशेजारचा बंपर

माझ्याकडे २००१ ची होंडा सिटी आहे, दीड लिटर व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर. आता तिला मागची सीट नाही, एसी नाही, दारं आतून नुसता पत्रा. वर्षातून दोनतीनदा ती चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर पळते आणि बाकीचे दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहून आमच्या घराण्याची अब्रू काढते. रस्ता तसा सोपाय, कात्रजला ४८ नंबरचा हायवे पकडला की तोच तुम्हाला ट्रॅकजवळ नेऊन सोडतो, फक्त मध्ये साधारण ११५० किलोमीटर आहेत.

मागच्या खेपेला तिथल्या एका वळणावर मी ब्रेक उशिरा मारायचा शहाणपणा केला. गाडी मातीत उतरली. मी परत ट्रॅकवर आले, बंपर आला नाही. नंतर एका मार्शलने तो बारशाचं बाळ आणावं तसा दोन्ही हातांवर आणून दिला, मधोमध चिरलेला.

घरी म्हटलं नवा बंपर बघायला लागेल, तर बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दिवाळीचा? अजून वेळ आहे त्याला." आमच्या घरी बंपर म्हणजे लॉटरी. पुढचा खर्च बघता ते फार चुकले होते असंही नाही.

लोकांना वाटतं बंपर धडकायला असतो. धडकायला खरं तर आतला लोखंडी बार असतो, बाहेरचं प्लॅस्टिक हा नुसता मुखवटा. पण ट्रॅकवर या मुखवट्याचंच काम जास्त, कारण समोरची हवा कुठे जाणार हे तो ठरवतो. थोडी रेडिएटरला पाहिजे नाहीतर चार लॅपमध्ये तापमानाचा काटा वर, थोडी फॉग लॅम्पच्या भोकांतून पाइपाने ब्रेकला पाहिजे नाहीतर पेडल मऊ पडतं, आणि गाडीखाली मात्र जितकी कमी जाईल तितकं बरं, कारण खाली हवा घुसली की नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात रिकामं रिकामं लागतं. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, त्यामुळे कोथरूडमध्ये न जाणवलेली चूक तिथे सरळ रस्त्याच्या टोकाला जाणवते. आणि हे सगळं करून तो हलका पाहिजे, कारण पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेला प्रत्येक किलो वळताना नडतो.

म्हणजे मला पाहिजे होता हलका बंपर. हे वाक्य मी पुढचे दोन महिने वेगवेगळ्या लोकांना सांगितलं.

नाना पेठेत पहिलाच प्रश्न, "ताई, साहेब नाही आले?" साहेब घरी भेंडी चिरत होते. दुकानदाराने माळ्यावरून एक डुप्लिकेट बंपर काढला, गाडीला लावून बघितला तर डावीकडे अख्खी करंगळी जात होती आणि उजवीकडे तो हेडलाइटवर चढला होता. म्हणाला, "बसतो हळूहळू." नव्या सुनेबद्दल बोलावं तसं. मग कुर्ल्याला गेले. तिथे ओरिजिनल मिळाला, पण उचलायला गेले तर दोन माणसं लागली, आधीच्या मालकाने प्रत्येक धडकेनंतर पुट्टी भरून रंग मारला होता, बहुतेक बरीच वर्षं.

सी विंगमधले काका म्हणाले त्यापेक्षा स्टीलचा गार्ड टाक पुढे. म्हटलं काका, २०१७ पासून सरकारची बंदी आहे त्याला. "हो का?" म्हणाले आणि आपल्या स्कॉर्पिओच्या गार्डवरची धूळ फडक्याने पुसत राहिले.

शेवटी कोणीतरी धायरीच्या पुढे एका फायबरवाल्याचा पत्ता दिला. शेडमध्ये तीन मावळे, अर्धा हत्ती आणि बागेत ठेवतात तसली बेडकाची कचरापेटी. मी चिरलेला बंपर दाखवला, म्हटलं याचा साचा काढा, पण करायचा हलका. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "हलका कशाला ताई? पैसे घेतोय ना मी." मी समजावलं, मॅटचे, म्हणजे त्या काचेच्या धाग्यांच्या चटईचे, दोनच थर द्या. ते हो म्हणाले. हे 'हो' कसलं असतं ते गणपतीच्या आधी शिंप्याकडे गेलेल्या कुणालाही माहीत असेल.

दहा दिवसांनी गेले तर तो मावळ्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता, चांगला रुबाबात. आतून भगवा, कारण फेट्यांचा रंग उरला होता. "चार थर दिलेत. पंचवीस वर्षं बघायला नको." वर त्यांनी त्यावर उभं राहून दाखवलं. टो हुकचं, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या हुकचं, भोक विसरले होते, म्हणाले मजबुतीला बाधा येते.

घरी येऊन रद्दीवाल्याच्या काट्यावर घातला. जुना साडेचार किलो, नवा तेरा. रद्दीवाला म्हणाला फायबर आम्ही घेत नाही.

तरी लावला. पहिल्याच दिवशी बेसमेंटच्या रॅम्पवर खालची कड टेकली. कंपनीचं प्लॅस्टिक वाकतं आणि परत जागेवर येतं, फायबर वाकत नाही, ते कडाड्कन तडकतं, आणि असा आवाज करतं की वॉचमन उठला. पंचवीस वर्षांतला एक दिवस भरला.

त्या रात्री मी जुनाच बंपर काढला, चिरेच्या दोन्ही बाजूंना ड्रिलने भोकं पाडली आणि साठ रुपयांच्या काळ्या केबल टायने तो शिवला. अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यासारखा दिसतो. साडेचार किलो अधिक टाके. पुढच्या ट्रॅक डेला एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे डिझाइन कुठून करून घेतलं?"

फायबरचा आईने गॅलरीत उताणा ठेवून त्यात कोथिंबीर लावलीय. ब्रेकच्या हवेच्या भोकांतून पाणी मस्त निचरतं. परवा सी विंगवाले काका आले होते, त्यांनी त्यावर दोनदा बोटाने टकटक केलं आणि आईला विचारलं, "कुंडी कुठून आणली वहिनी? मजबूत वाटतेय."