साबणावर बंदी आली म्हणे!

परवा आत्त्या आली कवठेमहांकाळहून. आमच्या थोरलीला मुलगी झालीय, अठरा दिवसांची, तिला बघायला. एसटीतनं उतरून रिक्षानं घरी, दारात चपला काढल्या आणि थेट पाळण्याकडं. म्हटलं आत्त्या, आधी हात धू. गेली बेसिनला, नळाखाली हात धरले, पदराला पुसले, आली. साबण? "साबण न्हाई वापरत मी आता. अमेरिकेनं बंदी घातलीया त्यावर. तुला मेसेज आला न्हाई व्हय?"

आला होता की. तीन ग्रुपवर आला होता, मी न वाचता पुढं सरकलो होतो. त्या दिवशी बसून वाचला. "साबण घेण्याआधी हे वाचा, डोळे उघडतील" असा मथळा आणि खाली चार मुद्दे. एक, अमेरिकेने २०१६ मध्ये साबणावर बंदी घातली कारण त्यात ट्रायक्लोसान नावाचं विष असतं, तिकडं नाकारलेला माल आपल्या माथी मारतात, तेव्हा साबण आजच बंद करा. दोन, रॅपरवर 'टॉयलेट सोप' लिहिलेला साबण हा संडासातून आल्यावर हात धुवायचा, अंगाला फक्त 'बाथिंग बार', आणि लाल कार्बोलिक साबणाने परदेशात कुत्री धुतात. तीन, टूथपेस्टमध्येही तेच विष. चार, यावर उपाय म्हणजे आमची हळद-कडुनिंबाची घरगुती वडी, १००% जंतू मारते, १६० रुपये, खाली नंबर.

चौथा मुद्दा आधी वाचला की पहिले तीन कशाला लिहिलेत ते कळतं.

माझं सांगलीत जनरल स्टोअर आहे, साबण विकतो, त्यामुळं ह्याचा धंदा बुडतोय म्हणून बोंबलतोय असं कोण म्हणणार असेल तर म्हणा. बोंबलतोय ते अठरा दिवसांच्या पोरीपायी.

तर बंदी. खरी आहे, पण कशावर ते नीट वाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याने, १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणात आणि हँडवॉशमध्ये वापरायला मनाई केली, त्यात ट्रायक्लोसान आहे, वडीत असतो तो ट्रायक्लोकार्बन पण आहे. मनाई साबणाला नाही, साबणात वरून घातलेल्या औषधाला. आणि का केली? कंपन्यांना विचारलं होतं की बाबांनो, हे माणसानं रोज वर्षानुवर्षं वापरलं तर धोका नाही हे दाखवा, आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा हे जास्त काम करतं हे दाखवा. दोन्ही दाखवता आलं नाही. म्हणजे मूळ निकाल 'साधा साबण पुरे' असा होता आणि कवठेमहांकाळला पोचेस्तोवर त्याचं 'साबण सोडा' झालं! कोर्टानं सोडलेल्या आरोपीलाच फाशी द्यावी तसं.

आणि साबण सोडल्यानं काय होतं, किंवा धरल्यानं काय होतं, ते कुणी मोजलंच नाही असं नाही. कराचीच्या झोपडपट्ट्यांमध्ये मोजलंय, २००५ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलंय. काही वस्त्यांना साधा साबण दिला, काहींना ट्रायक्लोकार्बनवाला, दोन्हीकडं हात कधी आणि कसे धुवायचे ते घरोघरी जाऊन शिकवलं, आणि काही वस्त्यांना यातलं काही दिलं नाही. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या पोरांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी, पंधरा वर्षांखालच्यांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी. आणि साधा विरुद्ध औषधी साबण? फरक नाही. यातली गंमत म्हणजे अभ्यासाला पैसा देणाऱ्यांत साबण बनवणारी कंपनीच होती, प्रॉक्टर अँड गॅम्बल, त्यांचाच औषधी साबण चाचणीत होता, तरी निकाल हा आला. मी आत्त्याला एवढंच सांगितलं की बाई, साध्या वडीनं नीट हात धुतले की निम्मा न्यूमोनिया जातो आणि तू ती वडी सोडून पाळण्यात हात घालतीस.

साबण जंतू 'मारतो' म्हणून काम करत नाही मुळात. तेलकट कढई जशी निघते तसंच. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, एक तेलाला, मळ आणि त्यात बसलेले जंतू सुटतात आणि मोरीतनं जातात. मोरीत गेलेला जंतू मेला की जिवंत, आपल्याला काय करायचंय.

आता एक गोष्ट कबूल करतो, नाइलाज आहे. मेसेजवाल्याचा कंपन्यांवरचा राग अगदीच खोटा नाही. ते '९९.९ टक्के'वालं हँडवॉश मी पण विकतो, २०२० मध्ये तर लोक बाटल्या अक्षरशः हातातनं ओढून न्यायचे. पण शेजारचं चांदणीचं चिन्ह बघा, ते आकडे प्रयोगशाळेतले, ठरावीक जंतूंवरचे, तुमच्या हातावरचे नाहीत. आणि दहा लाखांतले ९९.९ टक्के गेले तरी हजार उरतातच. ट्रायक्लोसानबद्दल तर १९९८ मध्येच अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं होतं की तो जंतूच्या एका ठरावीक एन्झाइमवर, म्हणजे त्याच्या आतलं काम चालवणाऱ्या प्रथिनावर, नेम धरतो, एन्झाइम जरा बदललं की जंतू दाद देत नाही, आणि टीबीचं औषध आयसोनियाझिड ज्या एन्झाइमवर चालतं ते याच घराण्यातलं. म्हणजे रोज हात धुवायला असलं औषध वाया घालवू नये हे बरोबरच आहे. आणि २०१६ नंतर बाजार सुधारला म्हणाल तर तसंही नाही, तीन घटकांचा निर्णय एफडीएने पुढं ढकलला होता, बेंझाल्कोनियम क्लोराइड, क्लोरोझायलेनॉल वगैरे, माल तिकडं वळला. रॅपरवर 'अँटिबॅक्टेरियल' तसंच, फक्त आतलं नाव बदललं.

दुसरा मुद्दा मात्र वाचून मी दुकानात एकटाच हसलो. टॉयलेट सोप म्हणजे संडासाचा साबण! अहो, टॉयलेट हा फ्रेंच शब्द, नटणं-आवरणं असा अर्थ, संडासाला तो नंतर चिकटला. आपल्याकडच्या मानकात पहिल्या ग्रेडच्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे खरा साबणाचा ऐवज, किमान ७६ टक्के लागतो, तिसऱ्या ग्रेडला ६०, आणि मेसेजमध्ये डोक्यावर घेतलेल्या 'बाथिंग बार'ला ४० चालतो. उलटं आहे सगळं! काउंटरवरच्या दोन वड्या उचलून रॅपर वाचलं तरी कळतं, पण वाचतंय कोण. कार्बोलिकचं म्हणाल तर लिस्टर नावाच्या सर्जननं १८६५ साली ते कार्बोलिक ॲसिड वापरलं ते ग्लासगोत ११ वर्षांच्या पोराच्या मोडलेल्या पायावर, कुत्र्यावर नाही.

टूथपेस्ट: ट्रायक्लोसानची पेस्ट अमेरिकेनं १९९७ मध्ये हिरड्यांसाठी मंजूर केली होती, २०१६ च्या बंदीत ती नव्हतीच, पुढं २०१९ मध्ये ती पेस्ट बनवणाऱ्या कंपनीनं आपणहून ट्रायक्लोसान काढला. संपलं.

राहिली ती १६० ची वडी. हळदीबद्दल सांगलीवाल्याला कुणी शिकवू नये, आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हरिपूरच्या पेवांतली हळद बघत मोठे झालोय. हळदीतलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेत जंतूंना आवरतं हे खरं. पण साबण असतो अल्कलीचा, आणि हळदीला अल्कली लागली की काय होतं हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, शर्टावरचा आमटीचा डाग साबण लावला की लालभडक होतो ना, तेच. हळदीचं कुंकू होतं ते चुन्यानं, तेच. रंग बदलतो आणि अशा अल्कलीत कुर्क्युमिन टिकत पण नाही, तुटतं. आत्त्यानं पिशवीतनं तीन वड्या आणल्या होत्या, बाळाला म्हणून. पिवळ्याधमक, झेंडूसारख्या. एक पांढऱ्या रुमालावर ओली करून घासली, डाग पिवळाच राहिला, लाल व्हायचं नाव नाही. हळद कमी आणि रंग जास्त असावा असा माझा संशय आहे. पाकिटावर लायसन नंबर नाही, बॅच नाही, तारीख नाही, मात्र '१०० टक्के' दोन ठिकाणी.

आत्त्या रुमालाकडं बघत बसली, मग उठून बेसिनला गेली, दहा रुपयेवाल्या वडीनं कोपरापर्यंत हात धुतले, आणि "वास काय येत न्हाई गं बाई याला" म्हणत पोरीला घेतलं.

तीन वड्यांचे ४८० रुपये गेले तिचे. मेसेजमधल्या नंबरवर दोन दिवस फोन लावतोय, उचलत नाही. तुमच्यापैकी कुणाचा लागला तर मला सांगा.