'गुलाम' हा शब्द शोधा
परदेशी शिक्षकांना अमेरिकेचा इतिहास शिकवणं म्हणजे गोड बोलून केलेला प्रचार, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात लेखकाने सरळ ठोकून दिलंय. अर्धं पटलं. अशा वर्गांना पैसा अमेरिकन सरकारचा, तो काही धर्मादाय नसतो. १९४६ ची फुलब्राइट योजना (शिक्षक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची अमेरिकन सरकारी शिष्यवृत्ती) तर महायुद्धातलं उरलंसुरलं सामान परदेशात विकून आलेल्या पैशांवर उभी राहिली.

पण माझा अनुभव सांगतो. मी मराठवाड्यात एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. ऐंशीच्या दशकात हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातल्या अमेरिकन अभ्यास केंद्रात (स्थापना १९६४) शिक्षकांच्या वर्गाला गेलो होतो. ग्रंथालय बघूनच डोळे दिपले, ते सोडा. तिथल्या अमेरिकन प्राध्यापकाने भाषण वगैरे न ठोकता अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेची सायक्लोस्टाइल पानं वाटली आणि म्हणाला, यात 'गुलाम' शब्द शोधा. चहा गार झाला तरी आमच्या माना खाली. सापडेना! मूळ मजकुरात तो शब्दच नाही. लोकसंख्या धरताना 'इतर सर्व व्यक्ती', म्हणजे गुलामच, तीन पंचमांश मोजा, एवढंच. 'गुलामगिरी' हा शब्द येतो तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, गुलामगिरीच रद्द करताना.

निव्वळ प्रचारच करायचा तर स्वतःच्या घटनेतली ही लपवाछपवी कोण दाखवेल?

परत आल्यावर मी तीच युक्ती आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमावर केली. अस्पृश्यता नष्ट केल्याचं लिहिलंय, व्याख्या कुठे आहे ती शोधा म्हटलं. मागच्या बाकावरची पोरं त्या दिवशी पहिल्यांदाच घंटा झाल्यावरही बसून राहिली.