एडिंबरातून हिंदमाता

आमच्या परळच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जुलैत एक चित्र फिरतं. आजच्या मुंबईवर निळ्या रंगात ती सात बेटं, कडा एकदम गुळगुळीत, आणि खाली लिहिलेलं असतं की समुद्र आपली जागा परत मागतोय. यंदाही आलं. परळजवळच्या हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी, दादा ऑफिसमधून चप्पल हातात घेऊन घरी येतोय आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका टाइप करतायत, "बघा, आपण समुद्रातच राहतो, उगाच महापालिकेला शिव्या देऊ नका". मग दोन पार्ट्या पडल्या, रात्री बारापर्यंत भांडण. मी मध्ये बोललो की हे चित्र म्हणजे सर्व्हे नाहीये हो, तर दादाचा मेसेज आला, तू तिकडे थंडीत बसून आम्हाला पाणी शिकवू नकोस.

बरोबर आहे त्याचं. मी एडिंबरात आहे, अकरावं वर्ष. पण माझा मुद्दा पाण्याबद्दल नव्हताच, नकाशाबद्दल होता.

इथे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवून ठेवलेत. एक स्लायडर असतो, तो सरकवला की वरचा जुना नकाशा फिका होत जातो आणि खालून आजचे रस्ते दिसायला लागतात. फुकट, लॉगिन नाही, काही नाही. आम्ही फ्लॅट बघत होतो तेव्हा बायकोनं ऑफर द्यायच्या आधी तो स्लायडर शंभर वेळा इकडून तिकडे केला, तर बिल्डिंगच्या मागच्या अंगाला जुन्या गिरणीचा पाण्याचा पाट निघाला. तळमजला घ्यायचा नाही असं तिथेच ठरलं. या शहरानंसुद्धा पाण्याची जागा घेतलीय, वेव्हर्ली स्टेशनच्या बाजूला जी मोठी बाग आहे तिथे आधी नॉर लॉक नावाचं तळं होतं, ते उपसून काढलं. पण इथे कोणी पावसाळ्यात त्या तळ्याचं चित्र फॉरवर्ड करत नाही, ज्याला बघायचंय तो बघतो आणि सोडून देतो.

मला वाटलं आपणही मुंबईचं करावं. लायब्ररीवाले करतात तेच घरी क्यूजीआयएस नावाच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, तेही फुकट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा मुंबईचा एक नकाशा उतरवून घेतला. काम ऐकायला सोपं, जुन्या नकाशावरचा एक बिंदू पकडायचा, आज तीच जागा कुठे आहे ते दाखवायचं, असे पंधरा-वीस बिंदू दिले की कॉम्प्युटर जुना कागद ताणून, फिरवून, वाकवून आजच्यावर बसवतो. सगळी गोम बिंदू निवडण्यात आहे, कारण जागा अशी हवी जी हललेली नाही, आणि मुंबईत न हललेली जागा शोधणं म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. किनारा घेता येत नाही, तो तर सगळ्यात जास्त हललाय, मरीन ड्राइव्हच्या जागी नकाशात पाणी. तलाव घ्यावेत तर धोबीतलावला तलाव नाही, गोवालिया टँकला टँक नाही, सी. पी. टँकला पण नाही, तलाव बुजले आणि नावं बसच्या पाटीवर उरली. देवळं चांगली असतात म्हणतात, बाणगंगा खरंच छान बसली, पण मुंबादेवीच्या नादी लागू नका, तिचं मूळ देऊळ आजच्या सीएसएमटीच्या बाजूला होतं, अठराव्या शतकात हलवलं, म्हणजे नाव तेच आणि जागा दुसरी, अजून जुना नकाशा घेऊन तिच्यावर पिन मारली की अख्खी फोर्ट तिरकी होते. शेवटी मदतीला आली ती रेल्वे, सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं अफगाण चर्च. इंग्रजांनी आपल्यासाठी काही सोडलं असेल तर हे कंट्रोल पॉइंट, म्हणजे हे न हललेले बिंदू.

फोर्टात रस्त्यावर रस्ता बसला. परळात मात्र दोन-तीन बिल्डिंगांएवढा फरक, कारण त्या नकाशात आमच्याकडे शेतं आणि मोकळी जागा, पकडायला खूणच नाही, मग कॉम्प्युटर अंदाजानं ताणतो. आणि गंमत अशी की स्क्रीनवर दोन्ही भाग सारखेच पक्के दिसतात, रेघ इथेही बारीक काळी आणि तिथेही बारीक काळी.

म्हणून मला त्या सात बेटांच्या चित्राचा राग येतो. मुंबई बेटाचा पद्धतशीर सर्व्हे थॉमस डिकिन्सननं केला तो 1812 ते 1816 मध्ये, तोवर वरळीची खाडी बंद करणारा हॉर्नबी व्हेलार्ड नावाचा बांध बांधून सुमारे तीस वर्षं झाली होती, शीवचा बांधसुद्धा 1803 चा. म्हणजे सात बेटं सुटी असताना साखळी टाकून कोणी मोजलेलीच नाहीत, ती रेघ नंतरच्या लोकांनी अंदाजानं काढलेली आहे. शिवाय बेटांच्या मध्ये काही निळा खोल समुद्र नव्हता, खाजण होतं, भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, त्याला कडा कुठली दाखवणार? 1661 च्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना दिली तेव्हासुद्धा मुंबई म्हणजे नेमकं कुठवर, माहीम त्यात येतं की नाही, यावर दोघांचं वाजलंच होतं.

आणि काकांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर हो, हिंदमाता बशीसारखं खोलगट आहे, भरती असली की पाणी जायला जागा नसते. पण जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली, ती 50 ची करायला मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड रिपोर्टनं सांगितलं होतं. ते काम किती वर्षं रखडलं ते कुठल्याच बेटाच्या नकाशात दिसत नाही. जुना नकाशा म्हणजे कोणाला सुटल्याचा दाखला नव्हे.

इथपर्यंत माझं ठाम होतं. सगळे जुने नकाशे स्कॅन करा, बसवा, लोकांना खुले करा, विषय संपला. आपल्याकडे अडवणूक काय कमी झालीय का, सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे फुकट उतरवायला मिळाले ते 2017 मध्ये आणि तेही आधार नंबर देऊन, मग 2021 मध्ये सरकारनं नियम सैल केले. मुंबईचा जुना कागद मला एडिंबरात पायजम्यावर बसून मिळतो आणि परळच्या पोराला त्यासाठी अर्ज करावा लागतो, याची मला लाज वाटायची. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं ग्रंथसंजीवनी या आपल्या साइटवर जुने नकाशे चढवले तेव्हा मी घरात सगळ्यांना लिंक पाठवली होती.

मग व्हिडिओ कॉलवर वहिनीशी बोलणं झालं. वहिनी वरळी कोळीवाड्यातली. मी उत्साहानं सांगत होतो की तुमच्या कोळीवाड्याचा जुना नकाशा पण असा बसवतो आणि नेटवर टाकतो, तर ती म्हणाली, "भावोजी, टाकू नका."

मी म्हटलं का, तुमचाच पुरावा आहे ना तो. ती म्हणाली, नकाशात घरं आहेत, मासळी वाळत घालायची जागा आहे का? होड्या ओढून ठेवायची जागा? जाळी विणायची? नव्हती. सर्व्हे करणाऱ्याला जमिनीच्या हिशोबाशी मतलब, त्यानं मोकळी जागा मोकळीच दाखवली. आता कोळीवाड्यांच्या हद्दी ठरवायचं एवढी वर्षं चाललंय, तक्रार हीच की घरांभोवती रेघ मारतात आणि वापरातली जागा बाहेर टाकतात, त्यात तुमचा नकाशा कोणीतरी प्रिंट काढून टेबलावर ठेवणार, बघा, शंभर वर्षांपूर्वी पण इथे काही नव्हतं. "तुमच्याकडे नकाशा बघून माणूस म्हणतो किती छान," ती म्हणाली, "आमच्याकडे नोटीस येते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे तो स्लायडर निवांत आहे कारण हद्दीची भांडणं बऱ्यापैकी संपलेली आहेत, आपल्याकडे रेघ हलली की कोणाचं तरी घर हलतं. किनाऱ्यालगतच्या कोस्टल रोडचंच बघा, वरळीच्या मच्छीमारांनी सांगितलं की त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं 60 मीटर अंतर होड्यांना पुरणार नाही, ते कित्येक महिने सांगत होते, 2022 च्या शेवटी 120 मीटर मान्य झालं. ती वाट पाण्यावरची, त्यांच्या डोक्यात होती.

तरी मी नकाशे बंद ठेवा म्हणणार नाही. बंद ठेवले तर ते बिल्डरपासून बंद राहत नाहीत, फक्त वहिनीपासून राहतात, त्याच्याकडे वकील आहे आणि सर्व्हेअर आहे. पण नुसता बसवलेला नकाशा टाकणं हे अर्धं काम आहे असं आता वाटतं. कुठे किती फरक पडतोय ते नकाशावरच दाखवा, परळसारखा भाग धुरकट दिसू दे, मोजला कोणी आणि कशासाठी ते शेजारीच लिहा, आणि जे त्यात नाही ते लोकांना भरू द्या. अशक्य काही नाही, ब्रिटनच्या जुन्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशांवरची 25 लाखांहून जास्त नावं जीबी1900 नावाच्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी घरी बसून उतरवून काढली. आपल्याकडे तर नावं सांगणारी माणसं अजून आहेत, फक्त म्हातारी होत चाललीयत.

तो वरळीचा नकाशा मी नेटवर टाकलेला नाही. मागच्या रविवारी वहिनीची आई कॉलवर आली, मी स्क्रीन शेअर केली, त्या लहानपणी खडकांवर कालवं काढायला जायच्या ती जागा विचारली. मी पिन ठेवली, त्या म्हणाल्या अजून आत. सरकवली. अजून आत. जुना नकाशा तिथे संपत होता म्हणून मी खालचा सॅटेलाइट फोटो चालू केला आणि पिन आणखी सरकवली, तर तिथे रस्ता आणि गाड्या. त्यांनी चष्मा लावला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हां, इथेच."