नाव येण्याआधी उठलेला मुलगा

आज तालुक्याच्या ठिकाणी आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण होते आणि विषय होता 'भावनिक बुद्धिमत्ता'. पडद्यावर 'समोरच्याचा सन्मान राखा' हे वाक्य झळकत असतानाच एक अधिकारी आत आले, ऑनलाइन माहिती भरायची राहिलेल्या शिक्षकांची यादी त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली आणि ज्याचे नाव येईल त्याने उभे राहावे, असे फर्मावले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, पहिलीच्या मुलांना वाचते करण्यात ज्यांचा हात आमच्या केंद्रात कोणी धरू शकत नाही अशा एक बाई, आपले नाव येण्याआधीच उठून उभ्या राहिल्या. घरी येऊन तीन तास झाले, तरी ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही.

नाव येण्याआधी उठणे म्हणजे काय, हे मला एका मुलामुळे ठाऊक आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी सातवीला गणित शिकवत असे आणि चाचणीचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटत असे. त्यामुळे मुलांत चुरस निर्माण होते, अशी माझी खात्री होती. शेवटचा पेपर बहुतेक वेळा एकाच मुलाचा असे. पुढे पुढे चार-पाच पेपर शिल्लक असतानाच तो टेबलाशी येऊन हात पुढे करून उभा राहू लागला. मला तो उतावळा वाटला आणि मी त्याला दोनदा जागेवर परत पाठवले. एकदा मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातून हे पाहिले आणि मधल्या सुट्टीत विचारले, "सर, आपले नाव सगळ्यांत शेवटी ऐकायला लागू नये म्हणून तो उठतो, हे तुमच्या लक्षात आले आहे का?"

आले नव्हते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. मी कधी छडी हातात घेतली नाही, याचा मला अभिमान होता. पण त्या पुढे केलेल्या हातावर मी दर चाचणीला जे ठेवत होतो, ते छडीपेक्षा कमी नव्हते.

तेव्हापासून मी पेपर हजेरीपटाच्या क्रमाने, दुमडून देतो. राग अनावर झाला की आधी फळ्याकडे वळून तारीख सावकाश लिहितो आणि मगच बोलतो. 'तू आळशी आहेस' असे न म्हणता 'तुझी ही दोन उदाहरणे राहिली आहेत' असे म्हणतो, आणि माझे चुकले तर ते ज्या वर्गासमोर चुकले त्याच वर्गासमोर कबूल करतो. हे अजूनही दर वेळी जमत नाही. भावनिक बुद्धिमत्ता ही संज्ञा मानसशास्त्रात १९९० नंतर रुळली. साने गुरुजी त्याच्या साठ वर्षे आधी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे मन सांभाळत होते.

प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींनी तयारी मनापासून केली होती आणि माहिती वेळेत भरली पाहिजे, हे दोन्ही मला मान्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास ठरवले आहेत, तेही चांगलेच आहे. परंतु ज्या सभागृहात छप्पन्न वर्षांच्या शिक्षिकेला गुन्हेगारासारखे उभे केले जाते, तिथून शिक्षक सोमवारी वर्गात नेमके काय घेऊन जाणार? आणि आम्ही साठ-सत्तर जण खाली माना घालून बसलो, त्यात मीही होतो. सर्वांत जास्त राग त्याचाच येतो आहे.

संध्याकाळी बाईंना फोन केला आणि मी काही बोललो नाही याबद्दल माफी मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, उद्या तुम्हाला वेळ असेल तर ती माहिती कशी भरायची, ते एकदा शेजारी बसून दाखवा. मला कोणी दाखवलेच नाही हो." उद्या रविवार आहे, दहा वाजता त्यांच्याकडे जाणार आहे.