हॅलिफॅक्सचा बुरूज बघायचा तर आधी समुद्राकडे पाठ करा

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला येणारे मराठी पाहुणे पॉइंट प्लेझंट पार्कात जातात, टेकाडावरच्या त्या बसक्या दगडी बुरुजासमोर फोटो काढतात आणि 'एवढाच?' म्हणत परत फिरतात. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग बघितलेल्या माणसाला प्रिन्स ऑफ वेल्स टॉवर दिपवणार नाहीच. व्यास सुमारे २२ मीटर, उंची जेमतेम ८ मीटर, म्हणजे उंचीच्या जवळजवळ तिप्पट रुंदी. त्यात चहूकडे झाडी, वरून समुद्रही धड दिसत नाही. मग प्रश्न येतोच, की इथून जहाजं बुडवायची तरी कशी?

तर, जहाजं बुडवणं हे या बुरुजाचं मुख्य काम कधीच नव्हतं. ते काम खाली किनाऱ्यालगतच्या तोफखान्यांचं. त्यांची तोंडं पाण्याकडे आणि पाठ उघडी. शत्रूने जरा लांब होड्या लावून माणसं उतरवली आणि तो मागून चालून आला, की सगळ्या तोफा आयत्याच त्याच्या हातात. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, तेव्हा ही भीती हवेतली नव्हती. म्हणून १७९६ मध्ये राजपुत्र एडवर्डने (पुढे राणी व्हिक्टोरियाचा बाप) तोफखान्यांच्या मागच्या उंचवट्यावर हा बुरूज बांधायला घेतला आणि थोरल्या भावाचं नाव त्याला दिलं. काम १७९९ पर्यंत चाललं. थोडक्यात, हा पाठराखण करणारा बुरूज आहे.

ही कल्पना आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १७९४ मध्ये भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाच्या मोर्टेला टोकावरच्या एका गोल बुरुजाने ७४ तोफांचं 'फोर्टिट्यूड' आणि ३२ तोफांचं 'जूनो' ही दोन ब्रिटिश जहाजं परतवून लावली. बुरुजावर तोफा मोजून दोन-तीन. 'फोर्टिट्यूड'ला तर आगही लागली. तो बुरूज पडला तो जमिनीवरून तोफा डागल्यावर. ब्रिटिशांनी धडा घेतला आणि पुढे इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर असे १०३ बुरूज उभे केले. हॅलिफॅक्सचा मात्र त्या सगळ्यांच्या आधीचा, आणि या धाटणीचा उत्तर अमेरिकेतला सर्वांत जुना. इंग्लंडमधल्या बुरुजांची समुद्राकडची भिंत जाड आणि जमिनीकडची पातळ ठेवलेली असते, कारण तिथे मारा पाण्याकडून यायचा होता. धोका कुठल्या बाजूने, हे भिंतच सांगते.

म्हणून माझं म्हणणं, बुरुजापासून सुरुवात करूच नका. टॉवर रोडच्या वरच्या पार्किंगमधून बुरूज जवळ पडतो, पण गाडी कंटेनर टर्मिनलशेजारच्या खालच्या पार्किंगमध्ये लावा. पाणी डाव्या हाताला ठेवून किनाऱ्याने दक्षिणेच्या टोकापर्यंत चालत जा. तिथे पॉइंट प्लेझंट बॅटरीचे (बॅटरी म्हणजे तोफखाना) अवशेष आहेत. तिथून समुद्राकडे पाठ करून वर बघा आणि मनातल्या मनात झाडं काढून टाका. मोकळ्या चढावरून बुरुजाचा मारा कुठवर पोहोचेल, हे लगेच कळतं. मग चढून बुरुजाकडे जा. उतरताना केंब्रिज बॅटरी आणि फोर्ट ओगिल्वी बघा. रमतगमत दोन तास पुरे होतात.

बुरुजाशी पोहोचल्यावर आधी दारापाशी थांबा. भिंत पायथ्याशी ८ फूट जाड आहे. दाराच्या खाचेत उभं राहिलं की अख्खा माणूस भिंतीच्या पोटात मावतो. आत मधोमध जाडजूड पोकळ खांब, तोफांचा भार पेलणारा. बांधकाम ओबडधोबड दगडांचं. घडीव चिऱ्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते गबाळं वाटेल, पण साध्या नळीच्या तोफांचे गोल गोळे पचवायला ते पुरेसं होतं.

१८६० च्या दशकात आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या आणि हिशेब फिरला. गोळ्याला पीळ मिळाला, तो लांब आणि नेमका जायला लागला, दगडी भिंत फोडायला लागला. उभी, उघडी, लांबून दिसणारी भिंत हाच दोष ठरला. तेव्हा खालचे तोफखाने नव्या तोफांसाठी बदलले आणि बुरुजाचं दारूकोठार झालं. आज आत दिसतं त्यातलं बरंच त्या काळातलं आहे, हे लक्षात ठेवा, नाहीतर मूळ रचनेचा अर्थच लागत नाही.

अशा भिंतींचा खरा वैरी म्हणजे पाणी. सपाट माथ्यावरून ते भिंतीच्या गाभ्यात झिरपतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि दगड सैल होतात. दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरायला हव्यात, कारण चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडाचा दर्शनी थरच सुटून येतो. आपल्याकडे गडांवर हौसेने सिमेंट थापणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता व्यवहाराचं. पार्कात प्रवेश फुकट. ही जागा शहराने ब्रिटिश सरकारकडून ९९९ वर्षांच्या भाड्याने घेतलेली आहे, वर्षाला एक शिलिंग, आणि ते अजूनही समारंभाने भरतात! बुरूज बाहेरून केव्हाही बघता येतो. आतून बघायचा तर तो उघडा आहे का, हे पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. शनिवार-रविवारी सायकल चालत नाही. आईवडिलांना नेणार असाल तर चढ खडीचा आहे, चपला नकोत. हिवाळ्यात त्याच चढावर बर्फाची काच होते. आणि उन्हाळ्यात गवतात शिरलात तर घरी आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा आणि कंबर नीट तपासा. इथल्या गोचिडीने लाइम रोग होतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.