डोंगर लांबचाच निवडा

दोघं आहात, यमक जुळतंय आणि समाजात जे चाललंय ते बघून रक्त उसळतंय, म्हणजे पहिला अल्बम काढायला तुम्ही लायक झालात. मी स्वतः रॅप करत नाही. डिचोलीकडे शिगम्यात ताशा बडवण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. पण गोव्यात सल्ला द्यायला तेवढं पुरतं.

आधी नाव. १९९८ साली ब्रुकलिनच्या मॉस डेफ आणि तालिब क्वेली या दोघा रॅपरांनी पहिला अल्बम काढला, तेव्हा जोडीला नाव दिलं ‘ब्लॅक स्टार’. ते घेतलं होतं काळ्यांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या आगबोट कंपनीवरून. १९१९ साली काळ्या कष्टकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे शेअर घेऊन ती उभी केली होती. तुम्हीही बोटीचंच नाव घ्या. मांडवी नदीत काय कमी कॅसिनो बोटी आहेत? रोषणाईसकट उभ्या आहेत, आणि त्यांतही लोक पैसे घालतातच. गार्वींच्या बोटी निदान समुद्रात जायच्या. आमच्या जागच्या हलत नाहीत, आतला माणूस मात्र कुठल्या कुठे पोचतो.

मग भाषा. इथे जपून. घरात कोकणी बोलता, देवळात मराठी आरत्या म्हणता, नाटक मराठीत करता, भांडण पुन्हा कोकणीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. आमचं भांडण मात्र त्या कायद्याने मिटलेलं नाही. मराठीत रॅप केलात तर विचारतील, कोकणीत का नाही? कोकणीत केलात तर विचारतील, लिपी कुठली? अहो, रॅप कानाने ऐकायचा असतो! तरी विचारणारा विचारतोच. यावर उपाय एकच: धृपद इंग्रजीत टाका. ‘वेक अप गोवा’. दुपारी एक ते चार आमची दुकानं बंद असतात, त्यामुळे संदेश वायाही जात नाही.

ठेक्याला घुमट, आमचं मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, पाहिजेच. २०१९ साली सरकारने त्याला वारसावाद्य ठरवलंय. खरं घुमट मात्र शोधत बसू नका. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्यात बाद झालं, आता बकऱ्याचं चढवतात, आणि ते पावसात सैल पडतं. वाजवणारे आजोबा आधी उन्हात धरतील, मग चहा मागतील, मग म्हणतील, “पयली आरती म्हणूया, मागीर तुमचें तें.” त्यापेक्षा ॲपमध्ये ‘एथनिक ड्रम’ नावाचा आवाज असतो. तो कुठल्या देशातला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

स्टुडिओ माळ्यावर. भिंतींना गाद्या टेकवा, माइकवर धुतलेला मोजा चढवा. धुतलेला, हे महत्त्वाचं. तोंड तिथेच जातं. आवाज येतो म्हणून पंखा बंद, म्हणजे तिसऱ्या टेकला दोघंही सोललेल्या बिमलीसारखे ओले. आणि नेमका श्वास जुळून सोळा ओळी एका दमात गेल्या, की खालून पदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंपू: पों, पों. काढू नका तो. शहरातले समीक्षक त्याला ‘मातीचा आवाज’ म्हणतील. त्याच्या सायकलीला मागच्या आठवड्यात एका भाड्याच्या जीपने ठोकलं, हे त्यांना सांगायची गरज नाही.

मुलाखतीत हिपहॉपचा जन्म सांगा: ब्रॉन्क्स, ऑगस्ट १९७३, बहिणीने ठेवलेली पार्टी आणि रेकॉर्ड फिरवणारा भाऊ. तारीखवार सांगा. तियात्राचं, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाचं, मात्र नाव काढू नका. पहिला तियात्र १८९२ साली मुंबईत झाला, आणि दोन पडद्यांच्या मध्ये दोघांनी पुढे येऊन सत्तेतल्यांची सालं काढायची ही रीत आमच्याकडे आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली आहे. त्या मधल्या गाण्यांत, कांतारांत, मंत्र्याचं नाव घेतात, खात्यासकट. तुम्ही ‘सिस्टिम’ म्हणता. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं तर तुमचं काही खरं नाही.

आता मुख्य गोष्ट, विषय. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही, म्हणून डोंगर लांबचाच निवडा. म्हादई नदी उत्तम. तिचं पाणी वळवणारे घाटापलीकडचे, त्यामुळे शिव्या वर जातात आणि वाड्यावर कुणी दुखावत नाही. मोलेचं जंगलही चालेल. रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी रस्ता आणि विजेची तार यांवरून २०२० मध्ये एवढी चित्रं आणि गाणी झाली की वाट मळून ठेवलेली आहे. नोव्हेंबरातल्या त्या रात्री चांदोरला लोक रुळांवर जाऊन बसले होते. तुम्ही नव्हता, पण गाण्यात ‘आम्ही’ म्हणायला कुठे तिकीट लागतं?

देवळामागचा डोंगर मात्र सोडा. जेसीबी लागलाय हे मलाही दिसतं. बागायतीची जमीन रातोरात ‘सेटलमेंट’, म्हणजे बांधकामाची, कशी होते यावर तुम्हाला चार ओळी सुचल्यात, बऱ्याही आहेत, पण तिथले प्लॉट पाडणारे भाई आपले पंच. प्रकाशनाचा हॉल त्यांचा, साउंड त्यांचा, पोस्टरवर खाली हात जोडलेला फोटोही त्यांचाच. शिवाय चवथीला ते घरी येतात.

आणि ते एक गाणं. कुठलं म्हणतोय ते कळलं तुम्हाला. फणसाखाली उभ्या असलेल्या टिपरचं, खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकचं. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आणि बाबांचा टिपर तेव्हापासून अंगणात. कर्ज त्याच्यावर. त्याच्याच लाल धुळीने काकाचं भातशेत गेलं, आणि त्याच्याच फेऱ्यांवर तुमची फी भरली. तुम्ही लिहिलंत: ‘डोंगर भरून बाबा निघाले, डबा भरून मी.’ माळ्यावर ऐकताना मी मोज्याकडे बघत बसलो.

काढून टाका ते. अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि सात गाण्यांत कुणावर बोट दाखवायचं ते स्वच्छ कळतं. हे आठवं कशाला? यात खलनायक सापडत नाही, हात वर करून नाचता येत नाही, आणि भाईंना तर ते आवडेल, म्हणतील, बघा, खाणी सुरू करा असंच पोरं सांगताहेत. खाणविरोधवाले म्हणतील, पोरं फितूर. दोघांनाही पटेल असं बोलणं सोपं असतं. दोघांनाही खुपेल असं गाणं पहिल्या अल्बमात कोण घालतं?

पुसवत नसेल तर पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि पेन ड्राइव्ह कपाटात. टिपरच्या टेपला तेवढा लावून ठेवू नका. जाम होऊ नये म्हणून बाबा दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, आणि चावी फिरवली की तो टेप आपोआप वाजायला लागतो.