यादीत मेस कुठे आहे?
‘बेडेकरांची मिसळ, कयानीची श्रूजबेरी बिस्किटं आणि सुजाताची मस्तानी झाली की नव्या माणसाला पुणे कळलं’, हे पुण्यातल्या खाण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. अहो, ही दोन दिवसांच्या पाहुण्यांची यादी झाली. सोलापूरहून गादी-बादली घेऊन राहायला आलेल्याला पुणे आधी भेटतं ते मेसमध्ये. सदाशिव पेठेतली माझी पहिली मेस म्हणजे वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. ताटात घडीच्या पोळ्या आणि गूळ घातलेली आमटी. मी शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेला. पहिल्या घासाला वाटलं, चुकून साखर पडली की काय! मेसच्या काकूंना तसं म्हणालो, तर ‘आमच्याकडे अशीच असते’ एवढंच उत्तर.

आणि रविवारचं कुणी आधी सांगतच नाही. दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, आणि रात्री मेस बंद. पहिल्याच रविवारी दाराला कुलूप बघून उपाशीपोटी टिळक रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि भुर्जीच्या गाडीसमोर उभा राहिलो. तव्यावर उलथन्याचा खडखडाट, लादीपाव, वर कच्चा कांदा. मस्तानीपर्यंत पोचायला मला पुढे सहा महिने लागले.